धुक्याचे गाव

समुद्रकिनारा म्हटला, की कोकणातील मुलांच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळीच्या बागा उभ्या राहतात. परंतु आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येस, नामिबिया देशात असा एक किनारा आहे, की जेथे गावाची वेस ओलांडल्यावर गवताची काडीही सहसा दृष्टीस पडत नाही. एका बाजूस अटलांटिक महासागराच्या लाटा आणि दुसऱ्या बाजूस नामिब वाळवंटातील वाळूच्या टेकड्या! या दोहोंच्या मधल्या पट्टीवर स्वाकोपमुंड नावाचे टुमदार गाव वसले आहे.

इतके पाणी शेजारी असून येथे पाऊस का पडत नाही? याचे कारण समुद्रातच आहे. दक्षिणेकडून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याच्या कडेने वाहतो. त्याच्यामुळे खालची हवा थंड राहते. ती वर चढत नाही आणि पावसाचे ढग बनत नाहीत. वर्षाकाठी 20 मिलिमीटरदेखील पाऊस येथे पडत नाही. मात्र त्याच थंडाव्यामुळे समुद्रावर दाट धुके जमते आणि पहाटे ते वाळवंटात दूरवर शिरते. पाऊस जे देत नाही, ते थोडेसे धुके देते.

अशाच एका धुकट सकाळी एक तरुण दांपत्य या गावी उतरले. पाठीवर एकेक मोठी पिशवी, पायांत जाड बूट आणि जवळ बेताचेच पैसे, एवढा त्यांचा संसार. राजधानी विंडहुक येथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर रखरखीत प्रदेश ओलांडून ते आले होते. वाळवंटातील गाव म्हणून उकाड्याची तयारी केली होती; पण उतरताच दोघेही कुडकुडू लागले! ती हसून म्हणाली, “वाळवंटात लोकरीचे कपडे लागतील, असे कोणी सांगितले असते, तर तू विश्वास ठेवला असतास का?”

मुक्काम एका रात्रीचा ठरला होता. तो चार दिवसांचा झाला. उतारशाळेत सर्वांसाठी एकच स्वयंपाकघर होते. तेथे देशोदेशींचे प्रवासी एकमेकांची भांडी मागून घेत, मीठमिरची वाटून घेत आणि मोडक्यातोडक्या भाषेत उद्याचे बेत आखत. गावात हिंडताना तर त्या दोघांचे पाय थकत नसत. 1892 साली जर्मन राज्यकर्त्यांनी हे गाव वसवले. त्या काळातील उतरत्या छपरांची घरे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह आणि समुद्रात दूरवर गेलेला धक्का त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिला. बाजारात लाकडी हत्ती-जिराफ मांडून विक्रेते बसलेले असत. शिंगांच्या आकाराचे शिरोभूषण आणि पायघोळ झगे घातलेल्या हेरेरो स्त्रिया डौलाने जाताना दिसत.

दुसऱ्या दिवशी ते टेकड्यांवर गेले. मेण चोळलेल्या पातळ फळीवर पालथे पडून उंच टेकडीवरून खाली घसरायचे, असा तो खेळ. तो मोठ्या ऐटीत निघाला आणि मध्येच कोलांटी खाऊन नाकातोंडात वाळू घेऊन खाली पोहोचला. ती मात्र बराच वेळ वर थबकली होती. अखेर डोळे मिटून तिने फळी सोडली आणि बाणासारखी सरळ त्याच्यापुढे निघून गेली! टेकडीवर उमटलेल्या दोघांच्या खुणा वाऱ्याने पाहता पाहता पुसून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी एक हेरेरो वाटाड्या त्यांना वाळवंट दाखवावयास घेऊन गेला. टेकडीच्या माथ्यावर एक काळा भुंगेरा डोके खाली आणि पाठ वर करून निश्चल उभा होता. धुक्याचे कण त्याच्या पाठीवर जमत, त्यांचे थेंब होत आणि ओघळून थेट त्याच्या तोंडात जात. पुढे वेल्विचिया ही वनस्पती दिसली. तिला जन्मभर दोनच पाने असतात. ती वाऱ्याने फाटतात, पण वाढत राहतात. काही वेल्विचियांचे वय हजार वर्षांहून अधिक आहे.

खडीच्या मैदानाशी येताच वाटाड्या म्हणाला, “बाई, येथे पाऊल जपून टाका. हे करडे डाग म्हणजे दगडफुले आहेत. तीही धुक्यावरच जगतात.” मैदानावर मोटारीच्या चाकांच्या दोन रेघा लांबवर गेल्या होत्या. “त्या कालच्या असतील,” तो म्हणाला. वाटाड्याने मान हलवली. “टेकडीवरची खूण वारा पुसतो. येथली खूण पिढ्यान् पिढ्या राहते. ही गाडी कोणी हाकली, ते आज कोणालाही ठाऊक नाही.”

परतताना त्याने त्यांना गावाच्या कडेच्या कबरस्तानात नेले. एका भागात नावे कोरलेले संगमरवरी दगड होते. पलीकडे वाळूचे लहान लहान उंचवटे दूरपर्यंत पसरले होते. त्यांवर नाव नव्हते. 1904 ते 1908 या काळात जर्मन सत्तेविरुद्ध उठलेल्या हेरेरो आणि नामा लोकांचा भीषण संहार झाला. सहस्रावधी माणसे, स्त्रिया आणि मुलेही, छावण्यांत कोंडली गेली. त्यांतील एक छावणी याच गावी होती. थंडी, उपासमार आणि कष्ट यांनी जे मेले, ते या वाळूत पुरले गेले. जर्मनीच्या सरकारने 2021 साली या कृत्यास वंशसंहार म्हणून मान्यता दिली.

“माझ्या पणजोबांचे भाऊ येथेच आहेत,” वाटाड्या शांतपणे म्हणाला. “कोणता उंचवटा त्यांचा, हे मात्र सांगता येत नाही.”

त्याने छायाचित्रासाठी उचललेला कॅमेरा खाली ठेवला. गेले तीन दिवस ज्या सुंदर घरांची त्याने छायाचित्रे घेतली होती, ती याच काळातील होती, हे आता त्याच्या ध्यानी आले. ती वाटाड्याला म्हणाली, “भाऊ, सर्वांजवळून जाता येईल अशी वाट आहे का? कोणावरही पाय पडावयास नको.” त्याने वाट दाखवली. तिघेही एकामागून एक, सावकाश, त्या वाटेने गेले.

शेवटच्या दिवशी भाड्याच्या मोटारसायकली घेऊन खडीच्या मैदानावर धावण्याचा बेत होता. तो त्यांनी रद्द केला आणि सकाळ धक्क्यावर घालवली. धुके विरले, दीपगृह स्वच्छ दिसू लागले. पाठीवर पिशव्या चढवून ते निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ काही छायाचित्रे होती आणि जिचे छायाचित्र नव्हते, अशी एक आठवण होती. वाळूवरच्या खुणा वारा पुसून टाकतो. वाळूखालच्या माणसांची आठवण राखणे हे जिवंत माणसांचे काम आहे.