रूप आणि प्रयोजन

माणसाचे मोठेपण त्याच्या चढत्या काळात पाहावे की उतरत्या, हा प्रश्न अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन याचे चरित्र वाचताना मला वारंवार पडतो.

१८५६ साली बोस्टनला जन्मलेला सलिव्हन शिकागोत आला, तेव्हा १८७१ च्या भीषण आगीत होरपळलेले ते शहर नव्याने उभे राहत होते. डांकमार ॲडलर या अनुभवी गृहस्थाशी त्याची भागीदारी जमली. १८८९ साली पुऱ्या झालेल्या ‘ऑडिटोरियम’ या वास्तूत त्या दोघांनी चार हजारांहून अधिक आसनांचे नाट्यगृह, हॉटेल आणि कचेऱ्या एकत्र गुंफल्या. ध्वनियोजना ॲडलरची, सोनेरी कमानींवरचे नक्षीकाम सलिव्हनचे. पुढे जगद्विख्यात झालेला फ्रँक लॉइड राइट याच कचेरीत घडला.

पोलादी सांगाड्याने भिंतींवरचा भार उचलला आणि इमारती आकाशाकडे झेपावू लागल्या; पण त्यांना वेष मात्र जुन्या राजवाड्यांचाच चढविला जाई. सलिव्हनला ते मान्य नव्हते. सेंट लुईसच्या दहा मजली वेनराइट इमारतीत (१८९१) त्याने उभ्या रेषा तळापासून माथ्याकडे मोकळ्या धावू दिल्या. उंच इमारत उंच दिसण्यात कसला संकोच? रूपाने प्रयोजनाच्या मागून जावे, हे सूत्र त्याने १८९६ साली लेखातून मांडले. या सूत्राचा आधार घेऊन पुढच्यांनी भिंती उघड्याबोडक्या केल्या. त्याच्या स्वतःच्या भिंतींवर मात्र पाने आणि वेली बहरत होत्या!

१८९३ च्या मंदीनंतर कामे आटली. १८९५ साली ॲडलर वेगळा झाला. १९०९ मध्ये घरातील चीजवस्तू लिलावात निघाली. गगनचुंबी इमारतींच्या या कर्त्याकडे आता लहान गावांतील पेढ्यांची कामे येऊ लागली. तरी मिनेसोटातील ओवाटोना गावी शेतकऱ्यांसाठी १९०८ साली बांधलेली पेढी पाहावी. तिच्या विटेविटेत तीच निष्ठा आहे, जी शिकागोच्या भव्य नाट्यगृहात होती. काम लहान म्हणून त्याचा हात आखडला नाही.

१९२४ साली शिकागोतील एका साध्या हॉटेलच्या खोलीत तो विपन्नावस्थेत वारला. अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेचे सुवर्णपदक त्याला लाभले ते मरणोत्तर, १९४४ साली. १९७२ साली त्याची शिकागोतील शेअर बाजाराची इमारतही पाडली गेली.

कीर्ती आणि दगडविटा, दोन्ही नश्वरच. परंतु लोकांनी पाठ फिरविल्यावरही ज्याने आपल्या कामाकडे पाठ फिरविली नाही, त्याचा उतरता काळच मला अधिक उंच वाटतो.