माएमोवर ऑग आणि फ्लॅक

नोकियाचा एन९०० हा २००९ सालचा फोन. मी तो घेतला तो त्यातल्या माएमो ५ या लिनक्सवर उभ्या असलेल्या प्रणालीसाठी. वडिलांनी कॅसेटवर टिपून ठेवलेली कीर्तनं मी संगणकावर उतरवली होती. जपायच्या प्रती काहीही न गाळणाऱ्या फ्लॅकमध्ये, ऐकायच्या आवाज दाबून फाइल लहान करणाऱ्या ऑग व्हॉर्बिसमध्ये. फोन यातलं काहीच वाजवत नव्हता. ऑगचं एमपी३ करणं सोपं होतं, पण एकदा दाबलेला आवाज पुन्हा दाबला की आणखी काहीतरी गळतं. आधीच घासलेल्या कॅसेटवरच्या टाळ-मृदंगाचं तसं व्हावं, हे मला पटेना.

माएमोत आवाज आणि चित्र दोन्ही जीस्ट्रीमर हाताळतो. त्याची रचना मला आजही फार आवडते. फाइलचं वेष्टन सोडवणारा एक भाग, आतला आवाज उलगडणारा दुसरा, स्पीकरपर्यंत पोचवणारा तिसरा, आणि सगळे सुटे. नवं प्लगइन ठरलेल्या फोल्डरात ठेवलं की त्याची नोंद आपोआप होते. संगणकावर स्क्रॅचबॉक्स या साधनात फोनच्या एआरएम प्रोसेसरसाठी प्लगइन बांधलं, फोनवर टाकलं, टर्मिनलमधून फाइल लावली आणि कीर्तन सुरू झालं.

मीडिया प्लेअरच्या यादीत मात्र त्याचा पत्ता नाही. ही यादी ट्रॅकर नावाची सेवा मागच्या मागे बनवते. ऑग हा ध्वनीचा प्रकार आहे हे तिला ओळखता यायला हवं, फाइलीतलं शीर्षक आणि कलाकाराचं नाव वाचता यायला हवं. माझा बराचसा वेळ इथेच गेला. आवाज उलगडणारा भाग, म्हणजे डिकोडर, त्यामानाने पटकन बसला होता.

मग प्रश्न आला बॅटरीचा. फोनचा ६०० मेगाहर्ट्‌झचा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर दशांशांच्या गणितात मंद, आणि व्हॉर्बिसचा नेहमीचा डिकोडर नेमका त्याच गणितावर चालतो. झिफ या संस्थेचा ट्रेमर हा डिकोडर तेच काम पूर्णांकांवर करतो. तो घातल्यावर प्रोसेसरचा भार स्पष्ट उतरला. फ्लॅकचं गणित मुळातच पूर्णांकी, त्यामुळे तिथे अडचण आली नाही.

व्हिडिओची गोष्ट वेगळी. फोनला मुळात येणारे एच.२६४ आणि एमपेग-४ हे प्रकार डीएसपी या वेगळ्या चिपभागावर उलगडतात. एफएफएमपेग या डिकोडरांच्या संचातून घातलेल्या प्रकारांचा सगळा बोजा मुख्य प्रोसेसरवर येतो. मोठं चित्र अडखळतं, फोन तापतो.

असा फोन अजून कुणी वापरत असेल, तर ऑग-फ्लॅकसाठी हा खटाटोप जरूर करा. चित्रपट मात्र संगणकावर लहान करूनच फोनवर टाका.