आमचे अण्णा

रत्नागिरीच्या मांडवी बंदरापासून थोड्या अंतरावर आमचे लहानसे कौलारू घर होते. त्या घरात आजी, आई, धाकटी बहीण आणि मी असे चौघे राहत असू. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते मुंबईला असत. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांची हीच स्थिती होती. जमीन थोडी, तीही पावसावर पिकणारी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. म्हणून घरातील कर्ता पुरुष मुंबईची वाट धरी. अशा माणसांना आमच्याकडे चाकरमानी म्हणतात. दर महिन्याची मनिऑर्डर आणि गणपतीची रजा, या दोन धाग्यांनी ते घराशी बांधलेले असत.

अण्णा लालबागमधील एका खानावळीत वाढपी होते. हे मला ठाऊक होते. पण कोणाला सांगण्याची लाज वाटे. माझ्या सोबत्यांपैकी कोणाचे वडील कचेरीत होते, कोणाचे गिरणीत, तर कोणाचे गोदीत. दुसऱ्यांची उष्टी ताटे उचलणारे वडील तेवढे माझेच होते! १९७२ साली मी सातवीत असताना गुरुजींनी ‘माझे वडील’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. मी लिहिले, “माझे वडील मुंबईत एका मोठ्या कंपनीत कारकून आहेत.” गुरुजींनी तो निबंध साऱ्या वर्गाला वाचून दाखविला.

गणपतीला अण्णा घरी आले. आल्यावर आमच्या वह्या पाहण्याचा त्यांचा नेम होता. कंदिलाच्या उजेडात त्यांनी माझी निबंधाची वही उघडली. मी दाराआड श्वास रोखून उभा राहिलो. त्यांनी निबंध शेवटपर्यंत वाचला, वही हलकेच मिटली आणि ते एवढेच म्हणाले, “अक्षर वळणदार आहे हो बाळ तुझे.” ते रागावले असते, तर मला बरे वाटले असते.

पुढल्या मे महिन्यात त्यांनी मला मुंबईस बोलावून घेतले. शेजारच्या काकांबरोबर मी एस.टी.ने निघालो. परशुराम आणि कशेडी हे घाट ओलांडून, रात्रभर जागून आम्ही मुंबईला पोहोचलो. लालबाग-परळचा तो सारा भाग गिरण्यांचा. उंच धुरांडी, दाटीवाटीच्या चाळी, आणि एकेका खोलीत पंधरा-वीस कामगार. गिरणीत पाळ्या चालत, तसे खोलीत ते पाळीपाळीने निजत. बायकामुले गावी असल्यामुळे त्यांचे जेवण खानावळीत होई. पैसे पगार झाल्यावर द्यावयाचे, तोवर वहीत खाते चाले. अशा पुष्कळ खानावळी कष्टाळू बायका चालवीत. त्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. अण्णांची खानावळही एका विधवा बाईंचीच होती.

अण्णा पहाटे चारला उठत. नारळ खवणे, तांदूळ निवडणे, पाणी भरणे, मग दोन्ही वेळा वाढणे. रात्री शेवटची पंगत उठली की फरशी धुऊन तेथेच ते वळकटी पसरीत. भोंगा झाला की खानावळ भरून जाई. एका हातात आमटीचे भांडे, दुसऱ्या हातात पळी घेऊन अण्णा त्या गर्दीतून पाण्यासारखे फिरत. कोणाला तिखट चालत नाही, कोणाला भात थोडा जास्त लागतो, हे सारे त्यांना पाठ होते.

एके दुपारी कोपऱ्यात एक नवखा तरुण खाली मान घालून जेवत होता. त्याच्या ताटातील भात संपला, तरी तो तसाच बसून राहिला. अण्णांनी ते दुरूनच पाहिले. ते गेले, मुकाट्याने भात वाढला, वर आमटी घातली आणि पुढे निघून गेले. रात्री मी विचारले, “अण्णा, त्याने तर काही मागितले नव्हते!”

“म्हणूनच वाढले,” अण्णा म्हणाले. “मागताना माणसाची मान खाली जाते, बाळ. वाढणाऱ्याने तशी वेळ येऊ देऊ नये.”

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी त्या वेळी एम.ए.चा अभ्यास करीत होतो. अण्णांची मनिऑर्डर एकाएकी निम्म्यावर आली. परीक्षेची फी भरावयाची होती. मी रागाने त्यांना पत्र लिहिले. पुढच्या मनिऑर्डरच्या कुपनावर दोनच ओळी होत्या : “तुला निदान पत्र लिहिता येते. येथे काहीजणांना तोंड उघडता येत नाही. सांभाळून घ्यावे.” संपामुळे ज्यांची खाती थकली होती, त्यांतील काहींचे पैसे अण्णा आपल्या पगारातून भरीत होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. आईने तेव्हा आपल्या बांगड्या गहाण ठेवून माझी फी भरली. अण्णांविषयी तिने एका शब्दाने तक्रार केली नाही.

पुढे चौतीस वर्षे मी शाळेत शिकविले. प्रश्न विचारला की हुशार मुले हात वर करीत. माझे लक्ष मात्र हात वर न करणाऱ्या मुलांकडे जाई. शिकविण्याची ही रीत मी पुस्तकातून शिकलो नाही. ती मला लालबागच्या खानावळीत मिळाली.

आज अण्णा नाहीत. माझ्या निबंधातील ते खोटे वाक्य त्यांच्या हयातीत मला त्यांच्यासमोर खोडता आले नाही. ते आज खोडतो आणि नव्याने लिहितो : माझे वडील लालबागच्या एका खानावळीत वाढपी होते.