बाबांची वाकडी वीण

बाबांच्या आजारपणात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या मदत करताना झाल्या. त्यामुळे दुसऱ्या कुणी दाखवून देईपर्यंत मला त्या दिसल्याच नाहीत.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. जुन्या सांगवीतून पहाटेच कंपनीच्या बसने पहिल्या पाळीला निघायचे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक ओळखणारा त्यांचा हात. निवृत्तीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली आणि डावा हात-पाय लुळा पडला. फिजिओथेरपीने पाय बराच सावरला. पण ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर तशीच राहायची. सदऱ्याची डावी बाही घालायची राहून जायची. डावीकडून हाक मारली तर ते उजवीकडे बघायचे. डोळे शाबूत होते. मेंदूच डाव्या बाजूची दखल घेत नव्हता. मला हे ठाऊक नव्हतं. "बाबा, जरा नीट लक्ष द्या ना," असं मी त्यांच्यावर खेकसायचे.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी त्यांच्यापुढे स्टुलाची लाकडी चौकट आणि नायलॉनच्या पट्टीचं बंडल ठेवलं, तेव्हा मला राग आला. चांगले मशीनचे उपचार द्यायचे सोडून हे काय विणकाम? मी ते बोलूनही दाखवलं, तेही बाबांच्या समोर. आयुष्यभर हातांनी कमावलेल्या माणसाला आपल्या मुलीला हातकाम कमी वाटतं हे ऐकावं लागलं. या चुकीची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

मॅडमनी शांतपणे समजावलं. उभ्या पट्ट्या ताणून लावलेल्या असतात. आडवी पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून काढत डाव्या कडेपर्यंत न्यावी लागते. त्या कडेला त्यांनी लाल चिकटपट्टी लावली होती. ती दिसेपर्यंत नजर न्यायची, मगच पट्टी वळवायची. डाव्या हाताने चौकट दाबून धरायची. म्हणजे एका ओळीत नजर, दोन्ही हात, क्रम लक्षात ठेवणं, चूक ओळखणं, सगळ्याला काम मिळतं. आणि शेवटी कुणीतरी बसू शकेल असं स्टूल तयार होतं. नुसती बोटं उघडमीट करायला कंटाळणारा माणूस हे पुरं करायला उद्या पुन्हा बसतो.

मी मान डोलावली आणि घरी येऊन मनासारखंच केलं. बाबांना त्रास नको म्हणून चौकट उजवीकडे सरकवून ठेवायची. डावीकडे बघण्याची जी गरज मॅडमनी मुद्दाम निर्माण केली होती, तीच मी काढून टाकली. रात्री ते झोपले की चुकलेल्या ओळी उसवून सरळ विणायची. सकाळी त्यांना छान काम दिसावं, हुरूप यावा, एवढाच माझा हेतू होता. पण ज्याने जन्मभर स्वतःचा जॉब ओळखला, त्याला परक्या हाताची वीण कळणार नाही? "हे मी केलेलं नाही," एवढंच ते म्हणाले, आणि त्यांनी काम बंद केलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, कुठली पट्टी सुटली यावरून त्यांची नजर कुठवर पोचली ते मला कळत होतं. तुम्ही उसवलीत ती माझी नोंद होती.

त्यानंतर मी या उपचाराबद्दल, ऑक्युपेशनल थेरपीबद्दल, वाचलं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना विणकाम, सुतारकाम देऊन उभं करण्यातून या शास्त्राला मोठी चालना मिळाली. आपल्याकडे 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, लग्नाने इथल्या झालेल्या. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. सांगवीतून मुळा ओलांडून औंधमार्गे खडकीला गेलं की क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. अपंग सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी 1917 साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढे खडकीला आली. घरापासून इतक्या जवळ हे चालत आलं होतं आणि मी त्याला वेळ घालवायचा उद्योग समजत होते.

बाबांची मी माफी मागितली. ते पुन्हा विणायला बसले. पुढे काम सुधारल्यावर मी नातेवाइकांना स्टुलं कबूल करून बसले आणि बाबांच्या मागे घाई लावली. पक्षाघातानंतर येणारा थकवा साध्या दमण्यासारखा नसतो, नुसत्या विश्रांतीने तो हटेलच असं नाही, हे मला तेव्हा शिकावं लागलं. ते कबूल केलेलं मी मागे घेतलं.

विणकामाने बाबा पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. डाव्या हाताची बारीक पकड परत आली नाही. पण कोशिंबीर त्यांना दिसू लागली, बाही स्वतः घालू लागले, आणि रंग कुठला घ्यायचा, आज किती विणायचं हे घरात पुन्हा तेच ठरवू लागले. आजारपणाने, आणि आमच्या काळजीने, त्यांचं ठरवणं काढून घेतलं होतं. हातकामाने ते परत दिलं. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर काम देण्याआधी थेरपिस्टना सांगा की हा माणूस आयुष्यभर हातांनी काय करत होता. ओळ चुकली तर चुकू द्या. हात मागे ठेवून शेजारी बसा. मदत मागितली तर तेवढीच करा आणि काम परत त्यांच्या हातात द्या. उशीर होईल, तो होऊ द्या. त्या उशिरातच उपचार चाललेला असतो.