मुग्ध, निरागस आणि भोळी

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात कोल्हापूरकडून आलेले एक कुटुंब राहते. त्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलीला पाहून शेजारच्या कन्नड आजी एकदा कौतुकाने म्हणाल्या, "मुग्ध मगू!" मगू म्हणजे मूल, हे आईला ठाऊक होते, पण मुग्ध? मराठीत मुग्ध म्हणजे मोहून गेलेला, किंवा मौन धरलेला. ही तर दिवसभर बडबडत असते! "अज्जी, ही मुग्ध कशी?" तिने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारले. आजी हसल्या. "तिच्या मनात कपट नाही, एवढेच."

शब्द एकच, तो संस्कृतातून दोन्ही भाषांत आला. भान हरपलेला, अजाण, सुंदर असे त्याचे अनेक अर्थ होते. कन्नडने त्यातले अजाणपण जपले, मराठीने मोहून जाणे.

कन्नड मुग्धाच्या अर्थासाठी मराठीत शब्दांचे गोतच आहे. बाळाचे हसू निरागस, अपघातात बळी पडलेली माणसे निष्पाप, न्यायालयातून सुटलेला आरोपी निर्दोष. वास्तविक 'आगस्' म्हणजे अपराध. तेव्हा निरागस हाही मुळात निरपराधच. तरी बाळाला कोणी निरपराध म्हणत नाही आणि न्यायाधीश आरोपीला निरागस ठरवीत नाहीत. एक शब्द मनाला चिकटला, दुसरा कृतीला. कायदा दोन्हींचा विचार करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही. त्यापुढे बारा वर्षांपर्यंत मुलाची समज पुरेशी पक्व होती का, हे पाहिले जाते.

मोठ्या माणसाच्या वाट्याला मात्र 'भोळा' हा शब्द येतो. शंकराला भोळा म्हणताना त्यात भक्ती असते, "ती भोळी आहे, तिला काय कळते?" असे म्हणताना माणसाचे मतच मोडीत निघते. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या आईने हे वाक्य अनेकदा ऐकले होते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. पण माहेरी हक्कसोडपत्र पुढे आले, तेव्हा भावाने बोट ठेवले तेथे तिने न वाचता सही केली. तिचा अपराध काहीच नव्हता; नुकसान मात्र तिचेच झाले.

बंगळुरूत तिने बसच्या पाट्यांवरून कन्नड अक्षरे गिरवली, मराठी वाचनही पुन्हा सुरू केले. पुढे घराच्या भाडेकराराची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "आधी मला वाचून सांगा, मग सही." नातेवाईक कुजबुजले, "पूर्वीची भोळी राहिली नाही."

खरेच राहिली नव्हती. पण मराठीत 'अमायिक' असाही एक शब्द आहे. येथे माया म्हणजे कपट. अमायिक माणसाला कपट कळत नाही, असे नव्हे. तो ते करीत नाही. अजाणपण शिक्षणाने जाते, अमायिकपण जात नाही.

त्याच संध्याकाळी फुलवालीने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करायला ती पुन्हा बाजारात गेली.