पहिल्या पावसाळ्यातल्या सिस्टर

७ जुलै २०२४, नारायणगाव

ग्रुपमध्ये आज आणखी पोरी आल्या. जुन्नर-आंबेगावातली आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, खासगी दवाखाने, सगळीकडच्या. कुणी जीएनएम, कुणी बीएस्सी. काही जणी विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या, इथं ओळखीचं कुणी नाही. पहिल्या नाईटला पुस्तक सगळं आठवत असतं, पण हात थबकतो. त्या घटकेला कुणाला तरी विचारता यावं, एवढ्यासाठी आम्ही जुन्या सिस्टरांनी हा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नियम पुन्हा टाकले: पेशंटचं नाव नको, केसपेपरचा फोटो नको, ऑर्डर फक्त डॉक्टरांची. आणि कुणाच्याही प्रश्नाला हसायचं नाही. माझ्या मते हाच नियम सगळ्यांत मोठा, कारण हसू होईल या भीतीनं पोरी गप्प बसतात आणि हाल पेशंटचे होतात.

१२ जुलै

रात्री पश्चिम पट्ट्यातल्या एका केंद्रातून मेसेज आला. आवणी करून परतणाऱ्या बाईच्या पायाला साप चावला होता. डॉक्टरांनी वीस मिनिटांची रक्ताची तपासणी सांगितलेली. पोरीचा प्रश्न एवढाच, "काचेची ट्यूब धुऊन ठेवलेली आहे, चालेल का?"

तिघींनी एकदमच लिहिलं, नको. साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही आणि निदान चुकतं. नवी, कोरडी, साध्या काचेची घे. शिरेतलं ताजं दोन मिली रक्त घाल, वीस मिनिटं हलवू नकोस, मग एकदाच कलती करून बघ. रक्त पातळच राहिलं. म्हणजे घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता जास्त. तिनं डॉक्टरांना कळवलं, सापाच्या विषावरचं एएसव्ही सुरू झालं. रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनलिन आधीच भरून शेजारी ठेवलं होतं. पहाटे १०८ ॲम्ब्युलन्समधून बाईला पुढं हलवलं.

सकाळी दुसरीनं विचारलं, लहान मुलाला एएसव्ही कमी द्यायचं का? नाही. समोर मूल आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही, डोस मोठ्या माणसाइतकाच. चावण्याचा हंगाम ऐन भरात असताना हे सगळ्यांच्या वाचनात आलं, फार बरं झालं.

१७ जुलै, आषाढी

दिवसभर ड्यूटीच्या अदलाबदली आणि साबुदाण्याच्या खिचडीचे फोटो. असू देत. खिचडीवर बोलणारी पोरगी उद्या औषधाबद्दलही विचारेल.

२१ जुलै

डिंभे धरणाच्या वर गेलं की रेंजचा भरवसा नाही. आहुप्याकडच्या पोरीचे कालचे तीन मेसेज आज एकदम आले, तोवर तिची नाईट संपलेली. म्हणून ठरवलं, तिकडच्या प्रत्येकीला एक जुनी सिस्टर जोडून द्यायची, लँडलाइन असेल तर तो नंबरही घ्यायचा. तरी मनात येतं ते लिहून ठेवते: पहिले काही आठवडे नवीन मुलीबरोबर वॉर्डात अनुभवी सिस्टर हवीच. शेजारी उभं असलेलं माणूस फोन कुठून आणणार?

३० जुलै

माळीण गावच्या दुर्घटनेला आज दहा वर्षं झाली. दरडीखाली १५१ जीव गेले, तेव्हा ग्रुपमधल्या पोरी शाळेत होत्या. त्या दिवसांत जे पाहिलं ते आमच्यापैकी अनेक जणी आजवर कुणाशी बोललेल्या नाहीत. ड्यूटी संपली की घरी जायचं आणि स्वयंपाकाला लागायचं, एवढंच ठाऊक होतं.

दुपारी एका पोरीनं लिहिलं, काल तिच्या हातात पहिला पेशंट गेला, पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना तिला बोलताच येईना. तासाभरात उत्तरांची रीघ लागली. प्रत्येकीला आपला पहिला मृत्यू आठवत होता, बेड नंबरासकट. मी तिला फोन केला. जेवली नव्हती, आधी जेवायला लावलं. झोप अशीच उडाली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ लाव म्हणाले, तो आपल्यासाठीही आहे, नुसता पेशंटांना सांगायला नाही.

उद्या तिला पुन्हा नाईट आहे. मंचरच्या सिस्टर रात्री दोनला तिला फोन करणार आहेत, परवाचा मी.