पापणीला हात न लावता

पापण्यांची निगा म्हणजे मुख्यतः पापण्यांना हात न लावणं. पार्लरवालीनं हे उघड सांगायचं नसतं, कारण न लावलेल्या हाताचे पैसे कुणी देत नाही. तरी ट्रॉम्बेतल्या माझ्या छोट्या पार्लरमध्ये आयब्रोला बसलेल्या बाईला मी हे सांगतेच. समोर आरसा असतो, डोळे मिटलेले असतात, आणि कपाळाची कातडी दोन बोटांनी ताणून धरायला सांगितल्यामुळे तिला उठून जाता येत नाही.

वरच्या पापणीला शंभर-दीडशे केस असतात, खालच्या पापणीला साधारण त्याच्या निम्मे. वाढून वाढून ते सेंटिमीटरभर होतात आणि थांबतात. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढतो, पापणीचा महिना-दीड महिना वाढून पुढे नुसता टिकून राहतो, मग गळतो. रोज एक-दोन गळणं ठीकच. लहानपणी तो गळलेला केस मुठीवर ठेवून, काहीतरी मागून, आपण फुंकर मारायचो. आता मुली तो चिमटीत धरून थेट माझ्याकडे आणतात आणि कुठलं सीरम लावू विचारतात. मधूनच तुटलेला केस पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने लागतात, मुळासकट उपटलेल्याला त्याहून जास्त. त्यामुळे आठ दिवसांत दाट पापण्या देणारी बाटली कुणी विकत असेल, तर तिच्यावरचा भाव वाचावा आणि ती परत ठेवावी. एरंडेलाचं विचाराल तर त्यानं केस काळेभोर आणि जाड दिसतात, हे खरं. नवे उगवतात याचा पुरावा मला कुणी दाखवलेला नाही. पापण्या खरोखर वाढवणारं औषध एकच माहीत आहे, बायमॅटोप्रोस्ट. ते मुळात काचबिंदूचं. रुग्णांच्या पापण्या लांब व्हायला लागल्या म्हणून 2008 मध्ये अमेरिकेत त्याला पापण्यांसाठी मान्यता मिळाली. पण त्यानं बुबुळाचा रंग बदलू शकतो, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडू शकते. ते डॉक्टरनं द्यायचं, मी नाही.

माझं काम बघण्याचं. भिंगाचा दिवा ओढून घेतला की पापणीची कड स्वच्छ दिसते. मुळाशी कोंड्यासारखा पापुद्रा आणि कड लालसर असेल, तर मी काही न करता डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते. वारंवार रांजणवाडी होणारीलाही तेच सांगते. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या विरळ आणि भुवईचं बाहेरचं टोकही उडालेलं असेल, तर थायरॉइड तपासून घे म्हणते. एकाच बाजूचे केस वाकडे असले, तर बाई त्या कुशीवर, तोंड उशीत खुपसून झोपते. उजव्या डोळ्याचे जास्त तुटलेले असले, तर ती उजव्या हातानं डोळे चोळते. रोजचं काजळ काढताना आडवं घासणाऱ्या तर दर दोघींत एक. कापसाला थोडं तेल लावून तो मिटल्या डोळ्यावर वीसेक आकडे मोजेपर्यंत नुसता ठेवायचा आणि मग वरून खाली अलगद ओढायचा. एवढंच. आमच्याकडे डोळे चोळायला कारणंही भरपूर. मालवाहू गाड्यांची धूळ, खाडीवरचा खारा वारा. मासळी कापणाऱ्या बायकांचे हात बरबटलेले, त्यामुळे डोळे पुसले जातात मनगटाच्या मागच्या बाजूनं. ते बोटांपेक्षा बरं, असं माझं मत.

एवढं सगळं सांगूनही हात डोळ्याकडे जातो, तो खाज नसताना जातो. तिथे माझी कापसाची शिकवणी संपते.

अणुशक्तिनगरातल्या, म्हणजे डोंगरापलीकडे अणुऊर्जा खात्यात काम करणाऱ्यांच्या वसाहतीतल्या, एक वहिनी माझ्याकडे येतात. डोंगरापलीकडच्या लोकांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटत नाही, अशी मी त्यांची चेष्टा करते. एकदा मी म्हणाले, घरात भांडण असलं की बाईचे डोळेच सांगतात. त्या म्हणाल्या, हे मोजलेलं आहे. मग ओहायो स्टेट विद्यापीठातला एक प्रयोग त्यांनी सांगितला, 2005 साली छापून आलेला. बेचाळीस नवरा-बायकोंच्या जोड्या घेतल्या. त्यांना दोनदा मुक्कामाला ठेवून हातावर यंत्रानं बारीक फोड आणले. एका मुक्कामात जोडप्यानं एकमेकांना आधार देणारं बोलायचं, दुसऱ्या मुक्कामात वादाच्या विषयावर बोलायचं. वादानंतरचे फोड भरायला एक दिवस जास्त लागला. ज्या जोड्या एकमेकांशी सदाच कडवट वागत, त्यांच्या जखमा इतरांच्या साठ टक्के वेगानं भरल्या. मी विचारलं, फोड आणून घ्यायला ती माणसं तयार कशी झाली? वहिनी म्हणाल्या, पैसे दिले असतील. मला मात्र वाटलं, आपल्याकडे फोड मुद्दाम आणावे लागले नसते.

पापण्यांवर असा प्रयोग झालेला माझ्या ऐकिवात नाही. बारीकसारीक आहे तो अवयव, त्यासाठी कोण बसणार. पण एका सुनेच्या पापण्या मी जवळून बघत आले आहे.

ती अलिबागकडची. लग्न होऊन कोळीवाड्यात आली. नवरा ससून डॉकच्या एका बोटीवर खलाशी, त्यामुळे एकेका वेळी आठ-दहा दिवस बाहेर. तिला माझ्याकडे आणलं तिच्या मोठ्या जाऊबाईंनी, आणि आणताना सांगितलं ते असं, “हिच्या पापण्या गलतान, काय तरी लाव.” भिंगाखाली बघितलं. वरच्या पापणीच्या मधोमध बोटभर मोकळी जागा. कातडी शांत, लाली नाही, पापुद्रा नाही. त्या मोकळ्या जागेत खुंट होते, सगळे वेगवेगळ्या उंचीचे. रोगानं गळणारे केस असे उगवत नाहीत. कुणीतरी रोज थोडे थोडे उपटत होतं, आणि ते कुणीतरी माझ्या खुर्चीत बसलं होतं.

जाऊबाईंना मी चहा सांगायला बाहेर पाठवलं. मग मी काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, हे पुष्कळ जणींना होतं, याला डॉक्टरी नाव आहे. ट्रायकोटिलोमेनिया. 1889 मध्ये एका फ्रेंच डॉक्टरनं दिलेलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “झोप येत नाय तवा.” उपटलेला केस ती उशीच्या अभ्र्यावर एका ओळीत ठेवायची आणि सकाळी झटकून टाकायची.

“टेन्शन घेऊ नकोस” हा सल्ला मी कधी देत नाही. तो देणाऱ्या माणसाला काहीतरी दिल्याचं समाधान मिळतं, घेणारीला एक काम वाढतं. मी तिला मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवलं. तिथे त्यांनी सांगितलं की हात वर जायला लागला की मूठ घट्ट आवळायची, मिनिटभर धरून ठेवायची, आणि कधी कधी हात जातो ते लिहून ठेवायचं. लिहिण्याचं काही तिच्याच्यानं झालं नाही. ते काम जाऊबाईंनी न लिहिता केलं. रात्रीचं जेवण आटोपलं की त्या सुपात जवळा घेऊन तिच्या शेजारी बसत. कचरा, शिंपल्यांचे तुकडे, बारीक खडे वेचायचं काम. तिचा हात वर गेला की जाऊबाई काही बोलत नसत, सूप तिच्या मांडीवर सरकवत. जवळ्याचा वास लागलेला हात डोळ्याला लावायला कुणी धजत नाही, हेही आहेच. मुठीनं किती गुण आला आणि सुपानं किती, हे मला सांगता येणार नाही. ओपीडीतल्या बाईंनी मात्र जाऊबाईंना पुढच्या वेळी आत बोलावून घेतलं.

नातं आहे म्हणून तब्येत सुधारते, असं सरसकट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. चीता कॅम्पातल्या एका वृद्ध आपांचं उदाहरण घ्या. 1976 मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून माणसं इथल्या दलदलीत आणली, तेव्हा त्या तरुण होत्या. शेजारणींच्या जिवावर त्या दिवसांतून निघालो, असं त्या सांगतात. आज त्यांचे डोळे चुरचुरतात, पाणी येतं. डोळ्यांत सुरमा. मुलानं हजहून आणलेला. जुन्या पद्धतीच्या सुरम्यात शिसं असतं, मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांचं उत्तर, “बेटे ने लाया है.” मुलगा दूर राहतो, फोन कमी करतो, ही बाटली तेवढी आहे. मी बाटलीशी भांडले असते, मुलाशी कशी भांडणार? शेवटी सुरमा फक्त ईदला घालायचा असं ठरलं. मला तेही नको होतं. बाळाच्या डोळ्यात घरचं काजळ घालणाऱ्या आज्यांशी जमतं तसं इथे जमलं नाही. आजीला काजळाचा ठिपका बाळाच्या कानामागे लावायला दिला की तिचा मान राहतो आणि बाळाचा डोळाही.

पायलीपाड्यातली एक ताई टाटा हॉस्पिटलला केमोला जायची. परळचं ते रुग्णालय 1941 चं, आणि 1962 पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत, म्हणजे आमच्या डोंगरापलीकडच्यांचंच. डोक्यावरचे केस गेले तेव्हा ती रडली नव्हती. पापण्या गेल्या तेव्हा चिडली. कपाळावरचा घाम थेट डोळ्यात, मानखुर्द स्टेशनवरची धूळ थेट डोळ्यात. पापण्या शोभेसाठी नसतात हे ज्याच्या गेल्या त्यालाच कळतं. डोळ्यावरून जाणारी हवा त्या अडवतात, ओलावा टिकवतात. खोट्या पापण्यांचा गोंद मी तिला लावला नाही, नुसते पेन्सिलीचे ठिपके कडेवर दिले आणि साधा मोठा चष्मा घालायला सांगितलं. तिच्याबरोबर दर वेळी यायची ती तिची सख्खी कुणी नव्हती, चाळीतली शेजारीण होती. सख्खे दोन भाऊ फोनवर होते. उपचार संपल्यावर काही महिन्यांनी पापण्या आल्या, आधी आखूड आणि फिकट, मग काळ्या.

अलिबागच्या सुनेचं पुढे काय झालं, तर पावसाळ्यापर्यंत तिची मधली जागा बरीच भरली. जून-जुलैत मासेमारी बंद, नवरा दोन महिने घरी. मला वाटलं, आता उरलेलीही भरेल. झालं उलट. नवऱ्याच्या येण्याची वाट बघताना जेवढे गेले नव्हते, तेवढे तो घरात असताना गेले. जाऊबाईही त्या दिवसांत तिच्याशेजारी रात्री बसू शकत नव्हत्या, ते बरं दिसलं नसतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दोघी आल्या. जाऊबाईंनी सरळ सांगितलं, “तो परवा जाईल, मंग बघू.” सुनेनं सणासाठी मस्कारा मागितला. मी वॉटरप्रूफ दिला नाही, कोमट पाण्यानं निघणारा लावला, मधली जागा पेन्सिलीनं भरली, आणि तो चोळल्याशिवाय कसा काढायचा ते जाऊबाईंना दाखवलं. ओपीडीचा कागद मागितला. पुढची तारीख होऊन गेली होती. नवी तारीख घ्यायला सोमवारी दोघींनी जायचं ठरलं.